मोहाची टोपली आणि कायद्याचं पुस्तक

होळी आटोपली की चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलालगतच्या गावांत दिवस पहाटे चारला सुरू होतो. मोह गळायला लागलेला असतो. आई, आजी, मावशी टोपल्या घेऊन निघतात आणि त्यांच्यामागे डोळे चोळत पोरं. एरवी शाळेसाठी सात वेळा हाक मारावी लागणारं पोर मोहाच्या दिवसांत पहिल्या हाकेला उठतं.

ज्यांनी मोह पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. फाल्गुन-चैत्रात या झाडाची पानं झडतात आणि जवळपास उघड्या फांद्यांवर फुलांचे घोस येतात. फूल रात्री उमलतं आणि पहाटेपासून सकाळपर्यंत टपटप गळतं. पिवळसर पांढरं, मांसल, आत रस भरलेलं, बोराएवढं. सुकलं की मनुकेसारखं दिसतं आणि लागतंही जवळपास तसंच. वास इतका दाट की झाड दिसायच्या आधी नाकाला कळतं. तो वास अस्वलालाही कळतो, म्हणून पोरांना एकटं सोडत नाहीत.

पोरांच्या वसंतात इतरही गोष्टी असतात. पळसाची फुलं उकळून केलेला होळीचा केशरी रंग. चाराची काळी-जांभळी फळं, जी खाऊन बी फोडली की चारोळी निघते. उन्हं तापली की पिकणारी टेंभरं. चंद्रपुरात झरपट नदीजवळ भरणारी महाकालीची चैत्रातली जत्रा, जिला मराठवाड्यातून, विशेषतः नांदेडकडून, माणसांचे लोंढे येतात. पण या सगळ्यात मोहाची गोष्ट वेगळी आहे, कारण त्या खेळावर घर चालतं. पोरगं दोन फुलं टोपलीत टाकतं, एक तोंडात टाकतं. टोपलीतली फुलं अंगणात वाळतात. थोडी भाजून, तिळासोबत कुटून लाडू होतात, उरलेली आठवडी बाजारात जातात. पावसाळ्याच्या तोंडावर घरात जो पैसा असतो त्यात या फुलांचा वाटा मोठा असतो. पुढे फळं आली की बियांचं तेल निघतं.

माझ्या आजीचं माहेर मूल तालुक्यातलं. तिच्या लेखी मोह हे झाड कमी आणि कोठार जास्त होतं. ती अतिशयोक्ती नव्हती. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळून निघाला, तेव्हा धान्य संपलेल्या हजारो घरांना वाळवलेल्या मोहफुलांनी आणि जंगलातल्या कंदांनी जगवलं. गोंड आणि माडिया समाजात नवं पीक, नवं फळ खाण्याआधी पंडुम साजरा करतात. आधी देवाला, पूर्वजांना आणि मग आपल्याला. कधी, किती आणि कोणी घ्यायचं याचा नियम त्यात आपोआप येतो. कोणत्या झाडाखाली कोणतं घर वेचणार, हेही कित्येक गावांत पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. कागदावर काही नाही, पण सगळ्यांना माहीत.

कागद नंतर आला. १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं आणि चांदा इंग्रजांकडे गेला. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला. १८७८ च्या वन कायद्यानं देशभर जंगलं राखीव करण्याचा रस्ता मोकळा केला. कालपर्यंत जे वेचणं हक्काचं होतं, ते सरकारनं दिलेली सवलत ठरलं. तिकडे मुंबई इलाख्यात १८९२ साली केवळ मोहफुलांसाठी एक कायदा झाला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत ही फुलं गोळा करण्यावर, बाळगण्यावर बंधनं आली. कारण सरळ होतं. फुलांची घरी दारू होते आणि घरच्या दारूवर सरकारला कर मिळत नाही. चांदा मध्य प्रांतात असल्यानं तो कायदा इथे लागू नव्हता, पण सरकार या फुलाकडे कसं बघत होतं ते त्यातून दिसतं.

१९२७ च्या भारतीय वन कायद्यात वनोपजाची व्याख्या आहे. लाकूड, कोळसा, कात, लाख, हिरडा यांच्या यादीत मोहाची फुलं आणि बियासुद्धा आहेत. गंमत अशी की ही यादी जंगलात सापडलेल्या वस्तूंपुरती नाही. जंगलात सापडो वा न सापडो, मोहफूल हे वनोपजच. म्हणजे तुमच्या शेताच्या बांधावर आजोबांनी राखलेल्या मोहाचं फूलही कायद्याच्या नजरेत वनोपज. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात फाईल कोणी उघडायची, कोणी बदलायची, याचे हक्क आधी लिहून ठेवतात. इथे फाईल घरातली होती आणि हक्क दूर बसून कोणीतरी लिहिले.

स्वातंत्र्यानंतर संशय संपला नाही. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात मोहफुलांसाठी वेगळ्या तरतुदी होत्या आणि पुढे तो कायदा विदर्भालाही लागू झाला. इथे मात्र गोष्ट सोपी राहत नाही. गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी आली ती लोकांच्या चळवळीतून. चंद्रपुरात महिलांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढल्यावर २०१५ मध्ये बंदी झाली आणि २०२१ मध्ये उठली. दारूनं उद्ध्वस्त झालेली घरं या बायांनी पाहिली होती. त्यांच्यातल्या कित्येकींच्या अंगणात त्याच वेळी मोह वाळत होता. फूल हवं, दारू नको, यात त्यांना विसंगती वाटत नव्हती. ती कायद्याला वाटत होती, कारण टोपली दिसली की त्याला बाटली दिसायची.

वळण आलं ते २००६ च्या वनहक्क कायद्यानं. गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा, विकण्याचा आणि त्यावरच्या मालकीचा हक्क जंगलात राहणाऱ्यांचा, असं त्यानं लिहून दिलं. २००९ मध्ये गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. २०११ मध्ये तिथल्या ग्रामसभेला बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचा अधिकार मिळाला, तेव्हा केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले होते. बातमी बांबूची होती, पण प्रश्न तोच: जंगलातलं कोणाचं? २०२१ मध्ये राज्य सरकारनं मोहफुलांचं संकलन, साठवणूक आणि वाहतूक यांवरचे निर्बंधही उठवले. पहाटे टोपली घेऊन निघालेल्या बाईला गुन्हेगार न समजायला इतकी वर्षं लागली.

कागदावरचा प्रश्न सुटत आला तरी झाडाखालचे प्रश्न आहेतच. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूलच्या जंगलात वाघ वाढले आणि मोह-तेंदूच्या दिवसांत माणसं मारली जातात. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळतात आणि त्यातून वणवे लागतात. त्यावर झाडाखाली जाळी बांधण्याचा उपाय आहे, फुलं स्वच्छही राहतात. पण जाळीला पैसे लागतात. आता पुष्कळ आया पोरांना पहाटे घरीच ठेवतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

पण मग ते झाड कोणाचं, हे पोरांना कळणार कुठून? आजवर ते वेचता वेचता कळत होतं. हे आमचं झाड, ते काकूचं, हा पंडुम झाल्याशिवाय हात लावायचा नाही. ग्रामसभेच्या दप्तरात हक्काचा कागद आहे, ही मोठी कमाई. तो कागद उद्या ज्यांना वापरायचा आहे त्यांना मोहाची चव माहीत असली पाहिजे. नाहीतर हक्क गावाचा राहील आणि गळलेला मोह अस्वलं खातील.