गिझरचा जाड प्लग आणि १९४७ साल

पहाटेची थंडी, बादलीत रॉड टाकायचाय, आणि बाथरूमच्या बाहेर फक्त छोटं सॉकेट. मग काय करतो आपण? कोपऱ्यावरच्या दुकानातून कन्व्हर्टर आणतो. मोठा प्लग त्यात, आणि तो छोट्या सॉकेटात. झालं काम! मीही होस्टेलवर हेच केलंय, त्यामुळे कुणाला नावं ठेवत नाही. पण घरात दोन मापांचे प्लग आहेतच कशाला, हा प्रश्न तेव्हा पडला नव्हता.

गोष्ट इंग्लंडमधली आहे. तिथे वीज घरात आली ती दिव्यांसाठी. इस्त्री, हीटर नंतर आले. दिव्याच्या विजेचा दर महाग, हीटरच्या म्हणजे ‘पॉवर’च्या विजेचा स्वस्त. म्हणून वायरिंग वेगळं, सॉकेटंही वेगळी. (लोक हुशार, दिव्याच्या होल्डरलाच इस्त्री लावायचे!) आपले वायरमन आजही ‘इथे पॉवर पॉइंट देऊ का?’ असं विचारतात, तो हाच ‘पॉवर’.

१९३४ साली तिथे गोल पिनांच्या प्लगचं मानक आलं, बीएस ५४६. त्यात २, ५, १५ आणि ३० अँपिअर अशी मापं होती. वरची अर्थिंगची पिन मुद्दाम लांब. प्लग आत जाताना अर्थिंग आधी जोडलं जातं, काढताना सगळ्यात शेवटी सुटतं.

मग युद्ध आलं. युद्धानंतरच्या घरांमधलं वायरिंग कसं असावं, हे ठरवायला १९४२ मध्ये तिथल्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने वीसजणांची समिती नेमली. त्यात एकच बाई होत्या, कॅरोलिन हॅस्लेट. घरात वीज वापरणाऱ्या बायकांसाठी त्या आधीपासून काम करत होत्या, आणि लहान मुलांच्या सुरक्षेचा आग्रह त्यांनी धरला. यातून १९४७ साली नवा प्लग आला: चौकोनी पिना, एकच माप, सॉकेटच्या भोकांना आतून झडप, आणि प्रत्येक प्लगच्या पोटात स्वतःचा फ्यूज.

१९४७! म्हणजे ज्या वर्षी इंग्रज इथून गेले, त्याच वर्षी त्यांनी स्वतःच्या घरातला जुना प्लगही सोडायला घेतला. आपण मात्र तो ठेवला. आज त्याला ६ आणि १६ अँपिअर म्हणतात, पण घराणं तेच.

आता गंमत बघा. त्यांच्या प्लगमध्ये फ्यूज आहे, आपल्यात नाही. आपल्याकडे प्लगचं माप हीच सूचना आहे. १५०० वॅटचा रॉड २३० व्होल्टवर साधारण साडेसहा अँपिअर घेतो, म्हणजे ६ अँपिअरच्या सॉकेटाच्या वरच. त्याच एक्स्टेन्शनवर तेवढ्याच वॅटची किटली लावली की तेरा. बोर्डावरचा एमसीबी १६ अँपिअरचा असेल तर तो पडणारच नाही, त्याच्या दृष्टीने सगळं ठीक चाललंय. तापतो तो मधला सैल सांधा, आणि करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. सॉकेटाभोवती पिवळट-काळा डाग दिसतो ना, तो हाच. तसं सॉकेट वापरू नका, बदलून घ्या.

आणि रॉडचं एक. पाणी तापलं का ते बघायला बोट घालायची सवय असते. आधी स्विच बंद, मग प्लग बाहेर, मग बोट. मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असेल तर उत्तम. गळती झाली की तो क्षणात वीज तोडतो. एमसीबी माणसासाठी नसतो, तो वायरसाठी असतो.

बिलाचा हिशेबही सांगतो. १५ लिटरच्या गिझरमधलं पाणी २० अंशांवरून ६० वर न्यायला साधारण ०.७ युनिट लागतं. २ किलोवॅटच्या गिझरला त्यासाठी वीस-बावीस मिनिटं पुरतात. आपण अलार्म स्नूझ करत तासभर चालू ठेवतो, आणि टाकी भिंतीला ऊब देत बसते. थर्मोस्टॅट ५० वर ठेवला तर सुरुवातीचा खर्चच पाव भागाने कमी होतो.

आज घरी गेल्यावर गिझरचा प्लग कुठे लावलाय, तेवढं बघा. मध्ये कन्व्हर्टर निघाला तर कमेंटमध्ये कळवा. भेटू पुढच्या भागात.