डोळ्याने नांदवलेले परके

लेथवर काम करताना लोखंडाचा कण डोळ्यात घुसून आत राहिला, तर तो गंजतो आणि दृष्टिपटल नासवतो. तांब्याचा कण तर त्याहून जहाल. परके द्रव्य डोळा सोसत नाही, हा वैद्यकाचा जुना अनुभव.

१९४० च्या हवाई लढाईत ब्रिटिश विमानांचे पर्स्पेक्स या प्लॅस्टिकचे पारदर्शक छत गोळ्यांनी फुटे आणि त्याचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत शिरत. हॅरॉल्ड रिडली या लंडनच्या नेत्रवैद्यांना दिसले की, धारदार कड खुपत नसेल तर ते तुकडे तेथे निमूट पडून राहतात. त्यावरून त्यांनी तशाच द्रव्याचे भिंग घडवून घेतले आणि २९ नोव्हेंबर १९४९ रोजी सेंट टॉमस रुग्णालयात मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात बसवले.

मोठमोठ्या नेत्रवैद्यांनी विरोध केला. त्यांची भीती अगदीच निराधार नव्हती. काही भिंगे सरकली, काही डोळे सुजले. निर्जंतुक करण्याच्या औषधाचा भिंगावर राहिलेला अंशही दाह करी. पुढे भिंगांच्या पृष्ठभागावर शरीराच्या भक्षक पेशी जमलेल्या आढळल्या. म्हणजे डोळा परक्याला ओळखतोच. पण द्रव्य शुद्ध, कड गुळगुळीत आणि जागा योग्य असली, की त्याला नांदू देतो.

१९९२ साली मदुराईत ऑरोलॅब निघाली, स्वस्त भिंगे देशातच बनू लागली आणि गरिबांनाही ती परवडू लागली. हे ज्ञान कामगिरीवर जखमी झालेल्या माणसांच्या डोळ्यांतून आले आहे. त्यावर कष्टकऱ्याचा हक्क पहिला आहे.