आंधळ्यांचा मोर्चा : लंडन, १९२०



अपंगांविषयी व्याख्यान म्हटले की श्रोत्यांच्या मनात प्रथम दया उभी राहते, आणि व्याख्यात्यालाही ती आणखी हलवून जागी करण्याचा मोह होतो. तो मोह मी टाळणार आहे. दया वाईट असते असे नव्हे. पण ज्या माणसांची हकीकत मी सांगणार आहे त्यांनीच ती नाकारली होती, आणि नाकारली तीही भर रस्त्यात, निशाणावर लिहून.

विसाव्या शतकाच्या आरंभीचे इंग्लंड डोळ्यांपुढे आणा. साम्राज्याचे वैभव शिगेला पोचलेले. पण त्याच देशात गरीब घरच्या अंध माणसापुढे वाटा मोजक्याच. रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहून हात पसरावा, गरीबखान्यात दाखल व्हावे, नाही तर एखाद्या धर्मादाय संस्थेच्या कर्मशाळेत टोपल्या, ब्रश आणि चटया कराव्यात. यांतली शेवटची वाट बरी दिसते खरी. पण गोम अशी, की तिथली मजुरी पोटालाही पुरत नसे, आणि तिथे राबणारा हा कामगार नसून उपकृत आहे, असा चालकांचा प्रामाणिक समज असे. उपकृताने मजुरीचा दर विचारावयाचा नसतो! ‘आम्ही तुम्हांला घरच्यासारखे वागवतो’ म्हणणारा मालक पगारवाढीची गोष्ट निघताच कसा दुखावतो, हे मी तीस वर्षे पाहत आलो आहे. त्यामुळे ही भाषा मला परकी वाटत नाही.

या कर्मशाळांतील माणसांनी स्वतःची संघटना उभारली. ‘नॅशनल लीग ऑफ द ब्लाइंड’ हे तिचे नाव. १८९९ साली कामगार संघटना म्हणून तिची नोंद झाली, आणि १९०२ साली ती ब्रिटिश ट्रेड युनियन काँग्रेसला संलग्न झाली. सरचिटणीस बेन पर्स स्वतः अंध होते. अंधांसाठी संस्था तेव्हाही पुष्कळ होत्या; ही अंधांची होती. एका प्रत्ययाचा फरक, पण सगळा इतिहास त्यात आहे.

आता आत्मविश्वासाचा प्रश्न घेऊ. हल्ली त्याचे वर्ग निघतात, शिबिरे भरतात. त्यांना मी नावे ठेवीत नाही. परंतु गेट मीटिंगला पहिल्यांदा उभा राहिलेला कामगार कसा चाचरतो आणि सहा महिन्यांनी तोच साहेबाला हिशेब कसा विचारतो, हे ज्याने पाहिले आहे तो सांगेल की ही गोष्ट उपदेशाने येत नाही. वर्गणी गोळा करावी लागते, इतिवृत्त ठेवावे लागते, चार लोकांत ठराव मांडून तो हरला तरी पुढच्या सभेला यावे लागते. जन्मभर ‘तू बैस, आम्ही करतो’ हेच ऐकलेल्या माणसाला शाखेच्या सभेत प्रथमच कोणी विचारले असेल, ‘तुमचे मत काय?’

पहिल्या महायुद्धाने डोळे गमावलेले सैनिक घरी आणले, आणि अंधांचा प्रश्न अंमळ अधिक लोकांना दिसू लागला. १९२० साली गोदी कामगारांचे जुने पुढारी, तेव्हा पार्लमेंटचे सभासद असलेले बेन टिलेट यांनी अंधांचे शिक्षण, रोजगार व निर्वाह यांविषयी विधेयक मांडले. सरकार टाळाटाळ करू लागले. तेव्हा लीगने ठरविले की पायी चालत लंडनला जायचे.

५ एप्रिल १९२०, ईस्टरनंतरचा सोमवार. न्यूपोर्ट, मँचेस्टर आणि लीड्स अशा तीन ठिकाणांहून तीन तुकड्या निघाल्या. मिळून सुमारे १७० माणसे. हातात हात गुंफून, रांगा धरून ती चालत. पावसापाण्यातून, खडबडीत रस्त्यांवरून तीन आठवडे! निशाणावर शब्द होते, ‘दान नको, न्याय हवा’. मुक्कामाच्या गावी कामगार संघटनांची माणसे त्यांच्या जेवणाची, निजण्याची सोय पाहत. संध्याकाळी सभा होई, आणि त्या सभेत अंध कामगार आपली मजुरी, आपले घरभाडे, आपली मागणी स्वतःच्या तोंडाने सांगे. काल ज्याला लोक नाणे टाकून पुढे जात, त्याचे भाषण ऐकायला आज तेच लोक थांबत होते. बोलणाऱ्यात जो पालट झाला असेल तो झालाच असेल. मला ऐकणाऱ्यांतला पालट तितकाच मोलाचा वाटतो. गावकऱ्यांची शिकवणीच ती.

२५ एप्रिलला मोर्चा ट्रॅफल्गार चौकात पोचला. हजारो लोक जमले होते. पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांची भेट मात्र ३० तारखेला मिळाली. त्याच वर्षी अंधांचा कायदा झाला : अंधांना वृद्धवेतन मिळण्याचे वय ७० वरून ५० वर आले आणि स्थानिक कौन्सिलांवर अंधांच्या कल्याणाची जबाबदारी पडली. लीगचे समाधान झाले नाही, आणि ते योग्यच होते. कारण ती जबाबदारी धर्मादाय संस्थांकडे सोपवायला कौन्सिले मोकळी राहिली. ज्यांच्याविरुद्ध मोर्चा काढला त्यांच्याच दारात पुन्हा जाणे आले. पुढे पर्स संघटनेतून बाहेर पडले. फूट कोणत्या चळवळीला चुकली आहे? पण १९३६ साली, जॅरोचे बेकार लंडनच्या वाटेवर होते त्याच सुमारास, अंधही पुन्हा चालत निघाले, आणि १९३८ च्या कायद्याने ५० चे वय ४० झाले. २००० साली लीग पोलाद कामगारांच्या संघटनेत सामील झाली.

आपल्याकडे राष्ट्रीय दृष्टिहीन संघ, म्हणजे ‘नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड’, १९७० साली स्थापन झाला. तोही अंधांनीच चालविलेला. १६ मार्च १९८० रोजी दिल्लीत रोजगार मागायला निघालेल्या अंधांच्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालविल्या. कायदा यायला १९९५ उजाडले, त्यात ३ टक्के जागा राखीव ठेवल्या गेल्या. त्या भरल्या जाईनात म्हणून हाच संघ न्यायालयात गेला, आणि ८ ऑक्टोबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला व राज्यांना आदेश दिला, की राखीव जागा किती रिकाम्या आहेत ते तीन महिन्यांत मोजा. कायदा होऊन १८ वर्षे झाली होती.