आज्ञाधारक मूल आणि सुजाण नागरिक

लहान मुलांना नागरिकत्व शिकवायचे म्हणजे आधी शिस्त लावायची, हा समज आपल्याकडे इतका पक्का आहे की त्याला कोणी पुरावा मागत नाही. रांगेत चालणे, परिपाठात प्रतिज्ञा म्हणणे, मोठ्यांचे निमूट ऐकणे, कचरा कुंडीत टाकणे. एवढे अंगवळणी पडले की पाया झाला. हक्क, प्रश्न, चिकित्सा हे सारे मोठेपणी. अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातल्या स्नेहसंमेलनांत प्रमुख पाहुणे बहुधा हेच सांगतात आणि पालक माना डोलावतात.

या मतामागे अनुभव आहे, हे आधी मान्य करू. खच्चून भरलेल्या वर्गात एकट्या शिक्षकाने शांतता मागितली, तर त्यात गैर काय? शिवाय 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने मूलभूत कर्तव्ये संविधानातच आणली, तेव्हा कर्तव्य आधी म्हणणाऱ्याला आधार नाही असे नव्हे. आणि सहा वर्षांच्या पोराला समता, न्याय काय कळणार, हा प्रश्न तर बिनतोड वाटतो.

वाटतो, पण तो तसा नाही. ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने मुलांना गोट्या खेळताना न्याहाळले आणि नियम त्यांना कसे कळतात हे 1932 च्या ग्रंथात मांडले. लहान मूल नियम पवित्र मानते, कारण तो मोठ्यांकडून आलेला असतो. पण मानते तितके पाळत मात्र नाही. नियम आपण मिळून केलेला आहे, सर्वांची संमती असेल तर बदलताही येतो, हे कळते ते बरोबरीच्या मुलांशी खेळता-भांडता. मोठ्यांबद्दलचा एकतर्फी धाक ही समज लांबवतो, असा पियाजेचा निष्कर्ष आहे. म्हणजे लहान वयाचे कारण देऊन जे पुढे ढकलायचे म्हणतात, त्याचीच पेरणी त्या वयात करावी लागते. विटीदांडूत राज्य कोणावर, यावर तासभर वाद घालणाऱ्या पोरांना न्याय कळत नाही, असे कोण म्हणेल?

आता कर्तव्ये. 51-अ हे कलम पुढे करणाऱ्यांनी ते शेवटपर्यंत वाचले आहे का? त्यात ध्वजाचा आणि राष्ट्रगीताचा आदर आहे, तसाच शोधक बुद्धीचा विकास आणि नद्यांचे रक्षणही आहे. प्रश्न विचारणे हेच कर्तव्यांच्या यादीत बसले आहे. आज्ञापालनाच्या बाजूने दिलेला साक्षीदार उलटतपासणीत फितूर होतो.

आपल्याच पट्ट्यातल्या जांभूळ गावाचे पाहा. बारवी धरणातून सोडलेले पाणी उल्हास नदीवरच्या आपटी बंधाऱ्यापाशी उचलतात, जांभूळच्या एमआयडीसी केंद्रात शुद्ध करतात आणि ते ठाणे, नवी मुंबईच्या बाजूला जाते. या गावातल्या मुलाला नळ बंद करायला शिकवणे चांगलेच. पण हे पाणी कुठून येते, कोणाकडे जाते, धरणाची उंची वाढली तेव्हा कोणाची घरे उठली, शेजारची वालधुनी कारखान्यांचे रसायन घेऊन का वाहते, हे विचारू न देणारा धडा अर्धाच नव्हे का? तिसरीतल्या मुलाला यातला एकही प्रश्न जड नाही. जड जातो तो उत्तर देणाऱ्या मोठ्यांना.

राहिला वर्गातल्या गर्दीचा मुद्दा. तो खरा आहे, म्हणूनच त्याचे उत्तर कृतीने दिलेले बरे. तेव्हाच्या याच ठाणे जिल्ह्यात, बोर्डीला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बालशिक्षणाचे काम सुरू केले; पुढे ते कोसबादला गेले. मुले शाळेपर्यंत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळाच आदिवासी पाड्याच्या अंगणात नेली. शिस्त तिथेही होती, पण ती छडीच्या धाकाने नव्हे, कामाच्या गोडीने आलेली. अलीकडचे उदाहरण हवे असेल तर 2009 मध्ये बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांत सुरू झालेला आणि पुढे राज्यभर गेलेला ‘मूल्यवर्धन’ कार्यक्रम. वर्गाचे नियम मुलांनी ठरवायचे, जोडीत बोलायचे, ऐकून घ्यायचे. शाळा साध्या, सरकारी.

शेवटचा पुरावा आपल्या दारातला आहे आणि तो मांडताना हात जड होतो. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या एका शाळेत बालवर्गातल्या मुलींवर अत्याचार झाला. 20 तारखेला संतप्त लोक रुळांवर उतरले; उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. प्रकार उघड झाला तो मूल घरी बोलले म्हणून. मोठ्या माणसाचे निमूट ऐकणे हाच नागरिकत्वाचा पहिला धडा असेल, तर मोठाच माणूस गुन्हेगार निघाल्यावर त्या मुलीने काय करायचे होते? नकार देता येणे आणि मनातले सांगता येणे ही कौशल्ये चौथ्या-पाचव्या वर्षीच लागतात. मतदानाच्या वयापर्यंत ती थांबू शकत नाहीत.

शिस्त नको, असा याचा अर्थ कोणी काढू नये. रांग हवीच, पण रांग का, हे मुलाला विचारता आले पाहिजे.

निकाल वाचकाने द्यावा. मात्र देण्याआधी एक करावे. शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. पुढच्या बैठकीत एवढेच विचारा: आपल्या शाळेतला कोणता नियम मुलांनी केला आहे?