तगाई किती मिळाली? आणि कधी?

पीएचडीचा विषय काय, असं कुणी विचारलं की मी ‘तगाई’ म्हणून सांगतो. जुन्या माणसांना शब्द लगेच कळतो. बी-बियाणं, बैल किंवा विहिरीसाठी सरकारनं शेतकऱ्याला दिलेलं कर्ज म्हणजे तगाई. पुढचा प्रश्न ठरलेला असतो : ‘किती मिळायची?’ सुरुवातीला मीही तेच विचारत होतो. आता वाटतं, आधी ‘कधी मिळायची?’ असं विचारायला हवं.

कल्पना जुनी आहे. नव्या रयतेला गुरंढोरं, बियाणं आणि खायला दाणा द्यावा, आणि वसुली दोन-चार वर्षांनी करावी, अशी शिवकाळातली रीत सभासद बखरीत नोंदलेली आहे. देणं पेरणीच्या आधी, घेणं पीक उभं राहिल्यावर. सगळा अर्थ या क्रमात आहे.

इंग्रजी अमलात हा क्रम बिघडला. सारा ठरलेल्या हप्त्यांनी रोख भरायचा. हप्त्याची तारीख आली आणि हातात पैसा नसला, की सावकाराची पायरी चढावी लागायची. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यात सुप्याला दंगा झाला, शेतकऱ्यांनी कर्जरोखे जाळले. सप्टेंबरमध्ये त्याचं लोण कोकरूडपर्यंत आलं. कोकरूड तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं, आज सांगलीच्या शिराळा तालुक्यात आहे. (१९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला, १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. म्हणून माझ्या अभ्यासात हे दोन्ही जिल्हे एकत्रच येतात.)

दंग्यानंतर १८७९ चा शेतकरी कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता. मग तगाईचे दोन कायदे झाले : १८८३ चा विहिरी, ताली अशा जमीन-सुधारणेसाठी, आणि १८८४ चा बियाणं-बैलांसाठी. कागदावर चांगली सोय होती. व्याजही सावकारापेक्षा बरंच कमी. पण अर्ज, चौकशी, जामीन, मंजुरी आणि मग कचेरीत जाऊन पैसे घेणं, एवढं सगळं व्हायचं. विहिरीला दोन महिने उशीर चालतो. बियाण्याला दोन आठवडेही चालत नाही.

हिशोब करून बघा. मृग निघाला, घात आली, तगाई आली नाही. शेतकरी काय करणार? सावकाराकडून सवाईनं बी आणणार, म्हणजे एक मण घेतलं की सुगीला सव्वा मण द्यायचं. दिढीनं आणलं तर दीड मण. नंतर तगाई पूर्ण मिळाली तरी सवाई काही चुकत नाही. वर सरकारचं व्याज वेगळं. रक्कम तीच, पण उशिरा आल्यानं तिची किंमत घटली. १९०१ च्या दुष्काळ आयोगानंही म्हणूनच सांगितलं, की तगाई संकटाच्या सुरुवातीलाच द्यावी, म्हणजे लोकांचा धीर टिकतो.

आता आजचं बघू. पीएम-किसानचे वर्षाला ६००० रुपये हे कर्ज नाही, अनुदान आहे, आणि थेट खात्यात येतं. कचेरीचे हेलपाटे आणि मधले हात कमी झाले, हा मोठा फरक मान्य करायलाच हवा. पण एप्रिल ते जुलै या काळाचा हप्ता कधी आला ते बघा : २०२२ मध्ये ३१ मे, २०२३ मध्ये २७ जुलै, २०२४ मध्ये १८ जून, २०२५ मध्ये थेट २ ऑगस्ट. रक्कम दर वेळी २००० च.

शिराळ्यात भाताची धूळवाफ पेरणी मेअखेरीस सुरू होते. ३१ मेचे २००० म्हणजे डीएपीची एक बॅग १३५० ची, युरियाच्या दोन ५३३ च्या, आणि वर थोडे सुट्टे. २ ऑगस्टचे २००० आले तेव्हा पेरणीचं खत कधीच उधारीवर येऊन पडलेलं. तो हप्ता दुकानदाराच्या वहीत जातो. उलट माण, आटपाडी, जतकडे शाळू हस्ताच्या आसपास पेरतात. तिथं ५ ऑक्टोबर २०२४ ला आलेला हप्ता नेमका कामाचा, पण शिराळ्यात तेव्हा भात पोटरीत नाहीतर कापणीला. एकाच तारखेला दिलेले सारखे पैसे दोन तालुक्यांत सारखे राहत नाहीत.

२००० रुपयांत शेती होत नाही, मग तारखेला एवढं महत्त्व का, असं कुणी म्हणेल. मला उलट वाटतं. रक्कम जितकी छोटी, तितकी तारीख मोठी. मोठी रक्कम उशिरा आली तरी काही उरतं. छोटी रक्कम उधारीतच विरते.

सारा भरायची तारीख सरकारनं कधी मोघम ठेवली नव्हती. द्यायची तारीख मात्र तेव्हाही मोघम होती, आजही आहे. म्हणून आता तगाईचा कुठलाही आकडा दिसला, की मी शेजारी तारीख आणि त्या दिवशीचं नक्षत्र लिहून ठेवतो. आमच्या भागात घरातली म्हातारी माणसं हा हिशोब तोंडी करतात. तुमच्या घरी कुणी तगाई घेतली असेल, तर ती किती होती हे विचाराच, पण ती पेरणीच्या आधी हातात पडली की नंतर, हे आधी विचारा.