दुभत्या गाईंचे अमिनो आम्ल पोषण

दुभत्या गाईंचे अमिनो आम्ल पोषण म्हणजे दुधातील व शरीरातील प्रथिने घडवण्यास लागणारी अमिनो आम्ले गाईला योग्य प्रमाणात मिळतील अशी आहाराची योजना होय. सुमारे दहा अमिनो आम्ले गाईच्या शरीरात पुरेशी तयार होत नाहीत. त्यांपैकी लायसिन व मेथिओनिन यांची उणीव बहुधा सर्वांत आधी जाणवते.

कोटीपोटातील प्रक्रिया

खाल्लेले प्रथिन गाय जसेच्या तसे वापरत नाही. त्याचा बराचसा भाग कोटीपोटातील सूक्ष्मजीव अमोनियापर्यंत मोडतात व त्यातून स्वतःचे प्रथिन उभारतात. पुढे हे सूक्ष्मजीवच चौथ्या पोटात व लहान आतड्यात पचतात. गाईला मिळणाऱ्या अमिनो आम्लांचा निम्मा किंवा अधिक वाटा सहसा याच मार्गाने येतो आणि त्याची घडण दुधातील प्रथिनांशी बरीच जुळते. मात्र अमोनिया वापरण्यास सूक्ष्मजीवांना ऊर्जा लागते. ती अपुरी पडल्यास यकृतात अमोनियाचा युरिया होऊन तो मुख्यतः मूत्रावाटे निघून जातो. पेंड वाढवली की दूध वाढते, ही समजूत त्यामुळे अर्धीच खरी ठरते.

कोरेगाव परिसरातील आहार

सातारा जिल्ह्याच्या कोरेगाव तालुक्यात बागायती भागात ऊस, तर जिरायती भागात ज्वारी व घेवडा घेतला जातो. येथील वाघ्या घेवड्यास भौगोलिक मानांकन आहे. गळीत हंगामात उसाचे वाढे मुबलक मिळते. वाढे व ज्वारीचा कडबा यांच्या शुष्क भागात प्रथिने साधारणतः ७ टक्क्यांहून कमी असतात. त्या पातळीखाली सूक्ष्मजीवांचीच उपासमार होते. गाईच्या दुधाच्या भावासाठी ३.५ टक्के स्निग्धांश व ८.५ टक्के स्निग्धेतर घनपदार्थ ही प्रत धरली जाते. प्रथिने या घनपदार्थांतच मोडत असल्याने आहारातील उणिवेचा फटका उत्पादकाच्या उत्पन्नास बसतो.

लसूण घास ही उणीव स्वस्तात भरून काढतो. शेंगदाणा पेंडीत प्रथिने भरपूर, पण ती कोटीपोटात लवकर मोडतात व त्यांत लायसिन कमी असते. सोयाबीन पेंडीत लायसिन चांगले व मेथिओनिन कमी, तर मक्यात लायसिनचाच तुटवडा. म्हणून दोहोंचे मिश्रण उपयुक्त ठरते.

संरक्षित घटक

मेथिओनिनची साधी भुकटी कोटीपोटातच बहुतांशी नष्ट होते. त्यामुळे तिला आवरण द्यावे लागते. पेंडीवर प्रक्रिया करून बनवलेल्या ‘बायपास प्रथिना’मागेही हेच तत्त्व आहे. त्याचा लाभ मुख्यतः अधिक दूध देणाऱ्या संकरित गाईंत दिसतो. चार-पाच लिटर दूध देणाऱ्या गाईस चांगला चारा व थोडे आंबोण बहुधा पुरते.