खाटेवरची सायकल

आजारी माणसाने पडून राहावे, हे आपल्याकडे कुणाला शिकवावे लागत नाही. "पड जरा, हलू नकोस" हे वाक्य घराघरात पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. गंमत म्हणजे, बराच काळ डॉक्टरांचेही मत हेच होते!

इंग्लंडमधल्या जॉन हिल्टन या सर्जनचे विश्रांतीचा महिमा सांगणारे पुस्तक १८६३ साली निघाले. पुढे कितीतरी वर्षे ऑपरेशन असो, बाळंतपण असो, उपचार एकच – खाट. १९४७ साली लंडनच्या डॉ. रिचर्ड ॲशर यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लेख लिहून बजावले की, खाटच माणसाला आजारी पाडते. रक्ताच्या गुठळ्या, पाठीच्या जखमा, ठिसूळ हाडे, खचलेले मन... यादी बरीच लांब होती.

१९६६ साली अमेरिकेत डॅलस येथे पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे खाटेवर झोपवून ठेवले. प्राणवायू वापरण्याची त्यांची कमाल क्षमता २८ टक्क्यांनी घटली. तीस वर्षांनी त्यांनाच पुन्हा तपासले. तीस वर्षांच्या वयाने केले नाही, तेवढे नुकसान त्या तीन आठवड्यांनी केले होते!

तोवर अतिदक्षता विभाग आले होते. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली, तेव्हा वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने हाताने पिशवी दाबून रुग्णांचा श्वास चालू ठेवला. त्यातूनच हे विभाग उभे राहिले. माणसे वाचू लागली. पण गुंगीत निपचित पडून स्नायू झडू लागले. जीव वाचला, पण घरचा जिना चढवेना.

म्हणून खाटेला सायकल आली. बेल्जियममधील लुव्हेन येथे ९० रुग्णांवर झालेला प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या एका गटाला आठवड्यातून पाच दिवस, वीस-वीस मिनिटे, झोपल्या झोपल्या पायडल. रुग्ण गुंगीत असला तर मोटर पाय फिरवते; जाग आली की त्याने जमेल तेवढा जोर लावायचा. घरी जाताना सायकलवाल्यांचे सहा मिनिटांतले मध्यक अंतर १९६ मीटर भरले, इतरांचे १४३.

गोष्ट इथेच संपली असती तर बरे वाटले असते. पण २०२४ साली ३६० रुग्णांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. नेहमीच्या फिजिओथेरपीला सायकलची जोड देऊनही म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. आणि २०२२ च्या आणखी एका अभ्यासात रुग्णांना लवकर व जास्त हालचाल करायला लावली, तर फायदा नाहीच, उलट त्रासाच्या घटना वाढल्या.

म्हणजे खाटही देव नाही आणि सायकलही नाही. किती हलवायचे, कधी थांबायचे, हे रुग्ण बघून जाणकारानेच ठरवावे.

असो. आपल्या हाती एक गोष्ट मात्र नक्की आहे. दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आले की मायेपोटी आपण म्हणतो, "आज राहू द्या हो, दमलीय ती." मंडळी, ते वाक्य एकदा गिळावे. त्यांना खाटेपर्यंत जाऊ द्यावे.